येसूकाकीने डबा तपासला

मला बघून भोकाड पसरलेली मुलं आता मोठमोठी माणसं झाली आहेत. एक मालवणात पोलीस आहे, एक शाळेत मास्तर आहे, एकीचं वेंगुर्ल्यात काजूचं दुकान आहे. बाजारात भेटली की हसून नमस्कार करतात, पण हात जोडण्याआधी त्यांचा उजवा हात नकळत डाव्या दंडाकडे जातो. मी चौतीस वर्षं आरोग्यसेविका होते. एवढा मान मला पुष्कळ झाला.

संपादक म्हणाले, "नोकरीबद्दल लिहा, पण उपदेश नको." अट बरी आहे. उपदेश करून करूनच मी एकदा अशी तोंडघशी पडले होते की निवृत्त होऊन वर्ष झालं तरी कानशिलं गरम होतात. तीच गोष्ट सांगते. पण आधी थोडं कामाविषयी सांगायला हवं, नाहीतर गंमत कळायची नाही.

लोकांना वाटतं, नर्सबाई म्हणजे सुई टोचणारी बाई. सुई टोचायला पाव मिनिट लागतं. बाकीचं काम चालण्याचं, चढण्याचं आणि चहा पिण्याचं असतं. ज्या घरात आपण चहाला नाही म्हणतो, त्या घरात लसीला नाही म्हणतात, हा माझा अनुभव. चौतीस वर्षांत किती कप पोटात गेले ते माझं पित्तच सांगू शकेल.

लस येते ती आरोग्य केंद्रातून, निळ्या डब्यात. चार बाजूंना चार आइसपॅक, म्हणजे पाणी भरून गोठवलेल्या प्लास्टिकच्या चपट्या डब्या, आणि मध्ये पिशवीत लसीच्या बाटल्या. एसटीत हा डबा मांडीवर घेऊन बसले की कोणीतरी हमखास विचारतं, कुल्फी कितीला? सुई दिल्यावर बाळाला अर्धा तास बसवून ठेवायचं आणि आईला चार गोष्टी सांगायच्या. कोणती लस दिली, पुढची कधी, कार्ड जपून ठेवा, आणि आता बाळाला काय त्रास होऊ शकतो व झाला तर काय करायचं. पहिल्या तीन गोष्टी मी झोपेतही सांगायचे. चौथी सांगताना मात्र जीभ जड व्हायची. "ताप येईल" म्हटलं की आया पोर उचलून चालू लागतील, अशी भीती वाटायची.

गिऱ्हाइकं एकेक वल्ली. मसुऱ्याकडचे एक निवृत्त फौजी नातवाला घेऊन आले होते. छाती पुढे काढून म्हणाले, "आमच्या घराण्यात सुईला कोणी घाबरत नाही." नातू खरंच घाबरला नाही. फौजी मात्र सुई बघून असे आडवे झाले, की त्यांना शुद्धीवर आणायला मला आणि अंगणवाडीच्या बाईला वीस मिनिटं लागली. पुढच्या वेळी त्यांनी नातवाला सुनेबरोबर पाठवलं आणि आपण कामात असल्याचा निरोप दिला.

दुसरी एक नेपाळी बाई. इकडे आंब्याच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबं येतात, बागेतच खोपटात राहतात, मोसम संपला की जातात. आमच्या यादीत त्यांचं नाव नसायचं, कारण यादी घरांची, आणि खोपटाला घर कोण म्हणणार? ही बाई एक पोर पाठीला बांधून आणि एक हाताला धरून दोन डोंगर उतरून माझ्याकडे आली. मुलांची कार्डं तिने प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळली होती. मी बागा फिरत नव्हते म्हणून ती फिरली. त्या दिवशी मला माझी यादी हातात धरायची लाज वाटली. पुढच्या मोसमापासून बागांची वेगळी वही केली, पण त्याआधी किती मोसम गेले होते ते विचारू नका.

आता मूळ गोष्टीकडे येते. ती नोकरीच्या शेवटच्या वर्षातली. माझ्या उपकेंद्राच्या हद्दीत खाडीच्या मधोमध एक जुवा होता. जुवा म्हणजे खाडीतलं बेट. माड, पंधरा-वीस घरं, आणि ये-जा करायला होडी. ओहोटी लागली की होडी चिखलात रुतते, मग पाणी चढेपर्यंत आहात तिथेच बसायचं. माणसं मासेमारीची. पुरुष ट्रॉलरवर चार-चार दिवस, बायका सकाळी पाट्या घेऊन होडीने अलीकडे यायच्या, बस पकडून कट्टा गावच्या बाजारात मासे विकायच्या आणि दुपार टळली की परत. या सगळ्या बायकांची पुढारी येसूकाकी. साठी ओलांडलेली, काटक, आवाज असा की या तीरावरून त्या तीरावरच्या माणसाला फोन करायची गरज पडू नये. काकीने एका गिऱ्हाइकाला मासे द्यायचे नाहीत ठरवलं की बाजारातली एकही बाई त्याला मासे द्यायची नाही.

काकीला नात झाली. आरोही. सून सुप्रिया बारावी शिकलेली, शांत मुलगी. आरोही दीड महिन्याची झाली तेव्हा पहिल्या डोससाठी मी जुव्यावर गेले. तो सोमवार होता. सोमवारी कट्ट्याला मासे घेणार कोण, म्हणून काकी घरी होती, नातीला मांडीवर घेऊन ओसरीवर बसलेली. मी डबा उघडला, सवयीने आइसपॅक कानाशी हलवून बघितले, सुया भरल्या, टोचल्या. आरोही बरोब्बर अर्धा तास रडली. तेवढ्यात होडीवाला ओरडायला लागला, "बाय, पाणी उतराक लागला!" मी घाईघाईने डबा बंद केला. सुप्रियाने विचारलं, "सिस्टर, काय त्रास होतलो काय?"

"काय होवचा नाय," मी म्हटलं आणि होडीत उडी मारली. आम्ही रुतलो नाही. मला मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं.

पुढच्या महिन्यात जुव्यावरचं एकही बाळ लसीला आलं नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. मी गेले तर दारं लावलेली. कोणाचं पोर मामाकडे गेलेलं, कोणाचं झोपलेलं, कोणाला सर्दी. सगळ्या जुव्यावरची नऊ पोरं एकाच दिवशी मामाकडे जातात म्हणजे मामा लोकांची जत्राच म्हणायची. काय बिघडलंय ते कोणी सांगेना. येसूकाकी मला बघून मान वळवायची. चहासुद्धा विचारायची नाही.

मग मी उपदेश सुरू केला. हो, मीच. चित्रांचे तक्ते नेले, घटसर्प काय, डांग्या खोकला काय, सगळं सांगितलं. केंद्रातल्या तरुण डॉक्टरांना घेऊन गेले. त्यांनी इतकं शुद्ध मराठी भाषण केलं की मलाही अर्धंच कळलं. काकीने सगळं ऐकून घेतलं, डॉक्टरांना सोलकढी दिली आणि म्हणाली, "बरा बोलतास तुमी. आता जावा, पाणी उतरता." परत येताना डॉक्टर म्हणाले, "अंधश्रद्धा फार आहे इकडे." मीही मान डोलावली. माझ्या वहीत त्या नऊ नावांपुढे मी मास्तरी अक्षरात लिहिलं होतं, 'नकार. कारण: अज्ञान.' ती वही कोणी मागितली तर मी आज देणार नाही.

आरोही अकराव्या महिन्यात असताना अलीकडच्या तीरावर, जेटीजवळच्या वस्तीत, गोवर निघाला. आधी एक पोर, मग दोन, मग चार. अंगावर पुरळ, डोळे लाल, फणफणून ताप. त्यातल्या एकाला न्यूमोनिया होऊन जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यावं लागलं. जेटीवरूनच जुव्याच्या होड्या सुटतात. जुव्यावरच्या बायका रोज त्याच वस्तीतून बसला जातात. मला हिशेब करायची गरज नव्हती. गोवर पाणी ओलांडायला होडीची वाट बघत बसत नाही.

त्याच आठवड्यात सुप्रिया मला गाठायला उपकेंद्रावर आली. एकटीच, घाबरलेली.

"सिस्टर, आये बाजाराक गेली काय मी चेडवाक घेऊन येतंय. गुपचूप टोचा. कोणाक कळाचा नाय."

माझ्या तोंडातून 'ये' निघालंच होतं. आईची संमती पुरते, कागदावर काही अडलं नसतं. पोर वाचलं असतं. पण माझ्याबरोबर आमची आशा कार्यकर्ती शमीम बसली होती. बाजारपेठेतल्या मुसलमान वस्तीतली, सासर-माहेर दोन्ही मासळीच्या व्यापारातलं. शमीमने सुप्रियाला पाणी दिलं, बसवलं आणि मग मला बाहेर बोलावून म्हणाली, "सिस्टर, आज चोरून टोचशात. सांजेक ताप इलो तर ह्या चेडवान सासूक काय सांगाचा? एक पोर टोचून होतला, आठ पोरां कायमची जातली."

"मग काय करू? गोवर जेटीवर आलाय!"

"तुमी थंय जाऊन लय बोलतास. एकदा गप बसान आयका."

मला राग आला. चौतीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला ही चार वर्षांपूर्वी लागलेली पोरगी शिकवणार! पण राग आला की समोरचा माणूस बरोबर बोलतोय हे मला आतून कळलेलं असतं, हा माझा जुना दोष. सुप्रियाला आम्ही एक दिवस थांब म्हणून सांगितलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की एक दिवस फार आहे हे तिला आणि मला दोघींना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी शमीम आणि मी पहिल्या बसने कट्ट्याला गेलो. मी डबा नेला नाही, तक्ते नेले नाहीत, युनिफॉर्मही नाही. येसूकाकीच्या पाटीपाशी जाऊन बसलो. तिने एकदा बघितलं आणि माश्या हाकलत राहिली. आम्ही गप्प. मला गप्प बसायची सवय नाही, माझ्या पायाला मुंग्या आल्या. गर्दी ओसरल्यावर मी म्हटलं, "काकी, बांगडे दी." आणि सवयीने एक बांगडा उचलून कल्ला उघडून बघितला. लालभडक होता.

काकी तेवढ्यासाठीच थांबली होती जणू.

"मासो घेताना कल्लो उघडून बघतंस मां?"

"बघतंय."

"मगे मी तुझा औषध बघलंय तर माझा काय चुकला?"

मला कळेना. शमीमने माझ्या गुडघ्यावर हात दाबला, म्हणजे बोलू नका.

"त्या सोमवारी तू डबो उघडलंस," काकी सांगू लागली, आणि आजूबाजूच्या बायका विकायचं थांबवून ऐकायला लागल्या, "आणि ती बर्फाची डबी कानाकडे नेऊन हलवलंस. आतमधी डुबूक डुबूक पाणी वाजला. माका ओसरीवरसून आयकाक इला. बर्फ इतळललो! चाळीस वर्सां मी बर्फावर मासो विकतंय. बर्फाचा पाणी झाला काय मासो गेलो. आणि ता शिळा औषध तू माझ्या नातीक टोचलंस. सांजेक चेडवाक ताप इलो. झील, चेडवाचो बापूस, दर्यात, होडी चिखलात. मी काय समाजतलंय, सांग?"

मी हसले. हसायला नको होतं, पण हसले, कारण तोपर्यंत मी देव, नवस, अफवा, मोबाइलवरचे व्हिडिओ, सगळ्या शक्यता धरल्या होत्या आणि या बाईने माझा माल तपासला होता. केंद्रातल्या प्रशिक्षणातही कोणी इतकं बारीक बघत नाही. काकीचा चेहरा बघून माझं हसू जागच्या जागी थांबलं.

आता हे पाण्याचं काय ते सांगते. फ्रीजरमधून काढलेला आइसपॅक दगडासारखा असतो. तो तसाच डब्यात ठेवला तर काही लसी गोठतात, आणि गोठलेली लस म्हणजे मेलेली लस. म्हणून आइसपॅक आधी बाहेर ठेवायचा, त्याला घाम येऊ द्यायचा, आणि हलवल्यावर आत पाणी वाजलं की मगच लसीशेजारी ठेवायचा. पाण्याचा आवाज हीच चांगल्या डब्याची खूण. मी कान लावून ऐकत होते ते माझ्या कामाचा अभिमान म्हणून. आणि ओसरीवर बसलेली, बर्फ कोळून प्यालेली बाई त्याच आवाजावरून माल सडका ठरवत होती. तिच्या धंद्यातला नियम तिने लावला, त्यात तिचं काही चुकलं नव्हतं.

मी हे सगळं समजावून सांगितलं. काकी म्हणाली, "बोलूक काय, सगळीच बोलतत. माका दाखव."

मग मी तिला दाखवायचं ठरवलं. बाजार आवरून काकी आमच्याबरोबर आरोग्य केंद्रात आली, मासळीची रिकामी पाटी काखेत धरून. लसीची शीतपेटी सांभाळणारे आमचे परबमामा कडक माणूस. त्यांच्या खोलीत चप्पल घालून डॉक्टरही जात नाहीत. काकीने दारात पाय धुतले, तिथेच मामा पघळले. त्यांनी शीतपेटी उघडून आतला तापमापक दाखवला. सकाळ-संध्याकाळ, रविवारी, गणपतीत, वादळात, दर दिवशी दोनदा लिहिलेले आकडे दाखवले. काकीला वाचता येत नाही, पण वहीची पानं तिने बोटाने चाळली, एकही ओळ रिकामी नाही हे तिने बघितलं.

"आणि लाइट गेली काय?"

"जनरेटर," मामा म्हणाले. "तो पण गेलो तर मी डबे भरून तालुक्याक पळतंय. दोनदा पळालंय."

काकीने मान हलवली. माल राखणाऱ्याची मेहनत तिला कळत होती.

मग मामांनी दोन बाटल्या आणल्या. एक चांगली, एक शिकवण्यासाठी मुद्दाम गोठवून पुन्हा वितळवलेली. दोन्ही एकदम हलवून टेबलावर ठेवल्या. चांगल्या बाटलीतलं औषध दुधासारखं एकसारखं गढूळ राहिलं. गोठलेल्या बाटलीत बघता बघता कण खाली बसले आणि वर नितळ पाणी दिसायला लागलं. काकी टेबलाला नाक लावून बघत होती. तिने मामांना पुन्हा हलवायला लावलं. मग तिसऱ्यांदा स्वतः हलवून बघितलं.

"म्हंजे ह्येका ऊन बाधता, आणि जास्त थंडीपण बाधता."

"व्हय."

"सुंगटांपरास नाजूक गो ह्यां!" काकी म्हणाली. सुंगटं म्हणजे कोळंबी. आणि पहिल्यांदाच तिने माझ्याकडे माणसासारखं बघितलं. मला वाटलं, जिंकले. पण ती बाई चाळीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोललेली.

"बर्फाचा समाजला. ताप कसो इलो? तू म्हणललंस, काय होवचा नाय."

खोलीत परबमामा होते, शमीम होती, दारात तरुण डॉक्टर येऊन उभे होते. मला तिथे शंभर उत्तरं देता आली असती. प्रत्येक बाळाला येत नाही, अमुक आहे, तमुक आहे. पण काकी सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती.

"ताप येतलो ह्यां माका म्हायत होता, काकी," मी म्हटलं. "ती सुई दिल्यार पोरांक ताप येता. अंगाक रोगाशी झगडूक शिकवतत, म्हणान येता, आणि एक-दोन दिसांत जाता. माका सांगूक व्हया होता. होडी रुतात म्हणान घाई केलंय. आणि ताप म्हटलाय तर तुमी घाबरशात असा वाटला. मी तुमका खोटा सांगलंय. चुकलंय."

 काकीने पाटी काखेतून खाली ठेवली आणि ती स्टुलावर बसली.

"सांज झाल्यार चेडू विस्तवासारख्या तापला," ती म्हणाली. "सून रडता, मी ओल्यो पट्ट्यो ठेवतंय. पाण्यात होडी नाय. मी देवाक सांगलंय, माका ने, पण ह्येका ठेव. माका कोणी सांगलेला असता ताप येतलो, तर मी तेची वाट बघलंय असतंय. न सांगता इलो म्हणान माझो जीव गेलो."

माझे डोळे भरून आले. तिचेही. तरुण डॉक्टर भिंतीवरचा तक्ता वाचायला लागले. नऊ पोरांपुढे मी 'अज्ञान' लिहिलं होतं ते काही खोटं नव्हतं, फक्त ते माझं होतं.

मग काकीने पदराने नाक पुसलं आणि विचारलं, "जुव्यावर कधी येतंस?"

"उद्याच. अकरा वाजता."

"अकरा वाजता थंय कोण असता? कुत्रे आणि म्हातारे. तीन वाजता ये. बाजार आटपून आम्ही घरी असतंव."

खरं सांगते, त्या क्षणापर्यंत मला हे सुचलं नव्हतं. आमचं सत्र अकराला, कारण आमचा डबा साडेदहाला येतो, आमची एसटी सव्वादहाला येते, आमचा अहवाल दोनला जातो. सगळी सोय आमची. जुव्यावरच्या आया त्या वेळी कट्ट्याला बर्फात हात घालून उभ्या. मी त्यांना वर्षानुवर्षं 'गैरहजर' लिहीत होते. डॉक्टरांनी तिथल्या तिथे वेळ बदलली, एवढं श्रेय मी त्यांना देईन.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता भरती होती. होडीतून उतरले तर काकीने अंगणात चटया घातलेल्या, नऊ पोरं न्हाऊमाखू घालून, काजळ लावून, ओळीने बसवलेली. जणू बारसं आहे. मी डबा उघडायच्या आधी काकीने हात पुढे केला. चारही आइसपॅक तिने एकेक करून कानाशी हलवले, मग शेजारणीच्या कानाशी हलवले, आणि जाहीर केलं, "पाणी वाजता. माल बरो आसा." शेजारीण बावचळली. तिला इतके महिने उलट सांगितलं होतं ना! मग काकीने शीतपेटीची, परबमामांची, खाली बसणाऱ्या कणांची अशी काही गजाल सांगितली की मी चौतीस वर्षांत इतकं चांगलं प्रशिक्षण दिलं नव्हतं. थोडी मीठमिरची होती. मामांचा जनरेटर तिच्या तोंडी स्टीमरएवढा झाला होता. मी दुरुस्ती केली नाही.

आरोहीला पहिली घेतली. राहिलेला दुसरा डोस, आणि गोवराची सुई. तिने माझं नाक ओढलं, मी सुई दिली, तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी जन्मभर विसरणार नाही. मग चार गोष्टी. चौथीला आले तेव्हा काकी म्हणाली, "मोठ्यान सांग. सगळ्यांक आयकाक येवक व्हया."

मी अंगणाच्या मधोमध उभी राहून मोठ्याने सांगितलं. आज सांजेपासून ताप येऊ शकतो. मांडी सुजेल, दुखेल, पोर किरकिरेल. तापाचं औषध इतकं, इतक्या वेळाने. अंगावर दूध चालू ठेवा. टोचल्या जागी तेल चोळू नका, शेकू नका. गोवराच्या सुईचा ताप आठवड्याने येईल, तोही जाईल. दोन दिवसांत उतरला नाही, पोर फारच गळून गेलं, झटके आले, तर हा माझा नंबर, हा शमीमचा, आणि ही होडी रात्री जेटीला जाणार नाही, इथेच जुव्यावर राहील. होडीवाल्याने मान हलवली. त्याचंही पोर ओळीत होतं.

एकही आई उठून गेली नाही. ज्या वाक्याला मी चौतीस वर्षं घाबरले, ते ऐकून त्यांनी फक्त औषध किती चमचे ते परत विचारलं.

त्या दिवशी मला तीन घरांत चहा मिळाला आणि काकीच्या घरी तळलेला बांगडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी होडीची वेळ व्हायच्या आधीच जेटीवर जाऊन उभी राहिले. फोन कोणाचा आला नव्हता. फोन न येणं चांगलं की वाईट, काही कळेना. ताप आला असेल, फार आला असेल, पुन्हा मान वळवतील, असं सगळं मनात. शमीम बरोबर होती, ती शेंगा खात होती. आम्हाला घेऊन निघालेली होडी अर्ध्या खाडीत आली तेव्हा जुव्याच्या टोकावर येसूकाकी दिसली. आरोहीला कडेवर घेऊन उभी, मागे चार-पाच बायका. काकीने हात वर केला आणि तिचा तो प्रसिद्ध आवाज पाण्यावरून आला.

"ताप इलो गो बाय! इलो! तू सांगलंस तसोच इलो!"

तिच्या आवाजात इतका आनंद होता की होडीवाल्याने वल्हं थांबवून माझ्याकडे बघितलं. मागच्या बायका हसत होत्या. उतरून मी आरोहीच्या कपाळाला हात लावला. अंग कोमट. औषध वेळेवर दिलं होतं, ती आजीच्या गळ्यातलं मंगळसूत्र चोखत होती. नऊपैकी पाच पोरांना ताप आला होता आणि काकी घरोघर जाऊन विचारून आली होती. ज्यांना आला नव्हता त्या आया जरा खट्टू झाल्या होत्या. मी त्यांना सांगितलं की नाही आला तरी लस लागू होते. त्यांनी ऐकलं, पण समाधान दिसलं नाही.

गोवर जेटीच्या वस्तीत आणखी काही आठवडे राहिला. रुग्णालयात नेलेलं पोर बरं होऊन घरी आलं. जुव्यावर मी रोज जात होते, रोज नऊ चेहरे बघत होते. एकावरही पुरळ उठलं नाही.

पण त्या सकाळचं सांगत होते. मी निघाले तेव्हा काकी होडीपर्यंत आली. नात तिच्या खांद्यावर झोपून गेली होती.

"पुढची सुई कधी?"

"अठ्ठावीस दिसांनी."

काकीने बोटांच्या पेरांवर दिवस मोजले. ओठ हलत होते. मग मागे वळून सुनेला ओरडून सांगितलं, "सुप्रिया गो! सुईच्या दुसऱ्या दिवशी मी बाजाराक जावचंय नाय. चेडवाक ताप येतलो."